सुरुवात पंचायतीच्या पगारपत्रकापासूनच करा, ताई

पत्र: "ताई, मी सिन्नर तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून दोन वर्षांपूर्वी निवडून आले. बॉडीत आम्ही ९ जण, त्यात ५ बायका, पण मीटिंगमध्ये तोंड उघडणारी मी एकटीच. पंचायतीकडे झाडलोट आणि गटारी काढायला तीन माणसं आहेत, दोन बाया आणि एक गडी. तिघं एकत्रच काम करतात, पण गड्याला महिन्याला ९,००० आणि बायांना ५,५००. खर्चाला मंजुरी देताना माझ्या ते लक्षात आलं. मी विचारलं तर एक जण म्हणाले त्याला घर चालवायचंय, दुसरे म्हणाले त्याचं काम जड असतं, तिसरे म्हणाले पैसे कुठेत, वसुलीच होत नाही. विषय संपला. बाहेर आल्यावर त्या दोघींमधली एक म्हणाली, ताई राहू द्या, आहे ते पण जाईल. दोघीही बौद्धवाड्यातल्या आहेत, त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. मिस्टर म्हणतात गावात वैर कशाला घेतेस. आणि सगळ्यात जास्त लागलं ते सासूबाईंचं, त्या म्हणाल्या आपल्याच कांद्यात बायांना ३०० हजेरी आणि गड्याला ५००, ते आधी बघ, आणि तू वाढवून दिलंस तर अख्खा गाव आपल्याला बोलेल. मला काही सुचत नाहीये. मी चुकतेय का? आणि नसेल चुकत तर सुरुवात कुठून करू?"

ताई, नाही, तुम्ही अजिबात चुकत नाही आहात. आणि सुरुवात पंचायतीच्या पगारपत्रकापासूनच करा. शेतातल्या हजेरीचं पण बोलू, सासूबाईंचा मुद्दा मला टाळायचा नाहीये, पण आधी पंचायत, आणि त्याला कारण आहे. शेतातली हजेरी कुणी एकाने ठरवलेली नसते, प्रत्येक जण म्हणतो गावात जो भाव चाललाय तो आम्ही देतो, जाब विचारायचा तर कुणाला तेच कळत नाही. पंचायतीत तसं नाही ना. तिथे ९,००० हा आकडा कुणीतरी लिहिलाय, ५,५०० हा पण कुणीतरी लिहिलाय, खाली सह्या आहेत, आणि त्या खर्चाला दर महिन्याला तुमच्याच सभेत मंजुरी मिळते. म्हणजे इथे मालक कोण, तर तुम्ही नऊ जण आणि सरपंच. पैसा कुणाचा, तर गावाच्या घरपट्टीचा, पाणीपट्टीचा, सरकारी अनुदानाचा, त्यात त्या दोघींनी भरलेली घरपट्टी पण आलीच. तुम्ही बाहेरून निवेदन घेऊन आलेल्या नाही, तुम्ही आत बसलेल्या आहात आणि तुम्हाला मत आहे, ही गोष्ट साधी वाटते पण आपल्याकडे बायकांना इथपर्यंत यायला फार वेळ लागलाय. ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आल्या, मग महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. तुमच्या बॉडीत पाच बायका आहेत त्या याच्यामुळे. पाच म्हणजे नऊ सदस्यांत बहुमताचा आकडा आहे ताई, हे लक्षात असू द्या, त्याकडे परत येते.

तुम्हाला तीन उत्तरं मिळाली, तिन्ही चुकीची आहेत, पण तिन्ही वेगवेगळ्या प्रकारे चुकीची आहेत म्हणून एकेक बघू.

पहिलं, "त्याला घर चालवायचंय." याच्यावर फार वेळ घालवू नका. त्या दोघी काय हौस म्हणून पहाटे झाडू घेऊन निघतात का, त्यांची पण घरं आहेत. पण मुळात पगार गरजेवर ठरतच नाही, कामावर ठरतो. उद्या त्या गड्याचं लग्न झालेलं नसतं तर काय निम्मा पगार दिला असता का? सभेत फक्त एवढंच म्हणायचं की घर कुणाचं कसं चालतं हा पंचायतीचा विषय नाही, काम काय आहे ते बोलू, आणि पुढे जायचं. त्यांच्या घरातल्या अडचणी सांगायच्या भरात पडू नका, एकीचा नवरा वारलाय, दुसरीचा पितो वगैरे, कारण एकदा ते सुरू झालं की मग दया दाखवायची गोष्ट होते आणि ५०० रुपये वाढवून मोकळे होतात.

दुसरं, "त्याचं काम जड." खरा मुद्दा हा आहे आणि इथे तयारीने जायला लागेल. हे वाक्य इतकी वर्षं चालतं कारण जड म्हणजे नक्की काय ते कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून तुमचं पहिलं काम वही. एक आठवडा, बाजाराचा वार धरून, तिघांनी काय काय केलं ते रोजच्या रोज लिहा. किती वाजता आले, कुठली गल्ली झाडली, गटारीतला गाळ फावड्याने कुणी ओढला, घमेल्यात कुणी भरला, ते घमेलं डोक्यावर घेऊन ट्रॉलीपर्यंत कुणी नेलं, बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची कुजलेली भाजी कुणी उचलली, मेलेलं जनावर कुणी हलवलं, शाळेचं संडास कुणी धुतलं. तुम्ही स्वतः दोन-तीन सकाळी जाऊन बघा, ऐकीव लिहू नका. मला जे ठिकठिकाणच्या बायकांकडून कळतं त्यावरून सांगते, बहुतेक असं दिसेल की गडी फावडं चालवतोय आणि बाया घमेली वाहतायत, आणि गावाने कधीतरी ठरवून टाकलंय की फावडं जड आणि घमेलं हलकं. ओल्या गाळाने भरलेलं घमेलं, खालून काळं पाणी गळतंय, ते डोक्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, सकाळभर. त्याला हलकं काम म्हणणाऱ्याने ते एकदा उचलून बघावं, आणि हे तुम्ही सभेत बोलू शकता, त्यात कुणाचा अपमान नाही.

कायदा पण हेच बघायला सांगतो. १९७६ चा समान वेतन कायदा होता, त्यात "सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम" म्हणजे काय ते दिलेलं होतं, लागणारं कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी सारखी असेल आणि परिस्थिती सारखी असेल तर ते सारखं काम, मग ते बाईने केलं काय नि पुरुषाने केलं काय. तो कायदा आता वेतन संहिता २०१९ मध्ये घेतलाय, किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन असे चार जुने कायदे त्यात एकत्र केलेत, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. कुणी म्हणालं तो ७६ चा कायदा आता गेला, तर गेलाय खरा, पण त्यातली ही गोष्ट संहितेत आलेली आहे, भेदभाव तेव्हाही चालत नव्हता आणि आताही चालत नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे तपासा. तो माणूस घंटागाडी चालवतो का? चालवत असेल, लायसन असेल, तर ड्रायव्हिंगचं काम वेगळं आहे आणि त्याचा पगार थोडा वेगळा असू शकतो, हे मान्य करा, उगाच अडून बसू नका. पण मग कागदावर त्याला चालक म्हणून दाखवा आणि किती तास गाडी, किती तास गटार ते लिहा. तासभर गाडी चालवली म्हणून महिन्याला साडेतीन हजार जास्त, हे कुठल्या हिशोबात बसतं ते विचारा. आणि गाडी शिकायची आहे का हे त्या दोघींना कधी विचारलं होतं का तेही विचारा.

जड कामाचा विषय निघाला की मला १९७२ चा दुष्काळ आठवून द्यावासा वाटतो, गावातल्या म्हाताऱ्यांना आपोआप आठवेल. रोजगार हमीची कामं निघाली, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि खडी फोडायला, माती वाहायला बाया हजारोंनी होत्या. त्या वेळचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी जी योजना मांडली तिचा पुढे १९७७ साली कायदा झाला, तिथे मजुरी मोजमापावर, किती घनमीटर खोदलं आणि किती फोडलं यावर, बाईचा दर वेगळा नि गड्याचा दर वेगळा असं काही नाही. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी सरकारी कामावर याच गावच्या बायकांनी दगड फोडून दाखवलेत, तेव्हा काम जड आहे म्हणून त्यांना कुणी घरी पाठवलं नाही. त्याच बायका दुष्काळ संपल्यावर शेतात परत आल्या आणि परत बाईच्या हजेरीवर आल्या. ताकद गेली नव्हती, मोजायची पद्धत बदलली होती. सभेत कुणी सत्तरीतला असेल तर त्यालाच विचारा, दुष्काळात आईने खडी फोडली का म्हणून.

तिसरं, "पैसे नाहीत." याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने दिलेलं आहे आणि ती केस आपल्या मुंबईचीच आहे. मॅकिनन मॅकेन्झी नावाची मोठी कंपनी, तिथे ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या. बायका स्टेनो साहेबांच्या केबिनला जोडलेल्या, त्यांचा पगार कमी, पुरुष स्टेनो बाकीच्या ऑफिसात, त्यांचा जास्त. १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपली आणि त्यांनी फरकासाठी अर्ज केला. कंपनीने काय काय सांगितलं, की यांचं काम वेगळं, युनियनशी करार झालाय, आणि कंपनीची परिस्थिती नाही एवढे पैसे द्यायची. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की बारीकसारीक फरक दाखवून काम वेगळं ठरवता येणार नाही, एकूण काम बघा, करार हे कारण होऊ शकत नाही, आणि मालकाची ऐपत आहे की नाही यावर हा कायदा अवलंबून नाही. दहा वर्षं लढली ती बाई. तुमच्या सभेत काम जड आहे आणि पैसे नाहीत म्हणून जे सांगितलं ते सगळं एका बड्या कंपनीच्या वकिलांनी सांगून झालेलं आहे आणि ते कोर्टात टिकलेलं नाही. हे नाव आणि साल कागदावर लिहून न्या, ग्रामसेवकांना दाखवा, ते शिकलेले असतात, त्यांना याचा अर्थ लगेच कळतो.

आणि हो, "मग गड्याचा कमी करू, सगळ्यांना साडेसहा-साडेसहा देऊ" असं कुणीतरी बोलणारच, नक्की बोलणार, हा डाव सगळीकडे टाकला जातो. तो चालत नाही. बरोबरी करायची म्हणून कुणाचा पगार खाली आणायचा नाही, हे जुन्या कायद्यात पण होतं आणि संहितेत पण आहे. ही गोष्ट त्या गड्याला तुम्ही स्वतः जाऊन आधीच सांगा, कारण त्याला भीती असणार की या बाईमुळे माझ्या पोटावर पाय येतोय, आणि तो विरोधात गेला की गाव म्हणेल बघा गरिबालाच गरिबाविरुद्ध उभं केलं.

उलट त्याला बरोबर घ्यायला तुमच्याकडे एक चांगलं कारण आहे. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्रात किमान वेतन लागू आहे, त्याचे वेगळे दर सरकार जाहीर करतं, गावाची लोकसंख्या आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल यावर ते ठरतात, आणि वर विशेष भत्ता असतो जो दर सहा महिन्यांनी बदलतो. त्या दरपत्रकात स्त्री एक आणि पुरुष एक असे दोन रकाने नाहीत. जिल्ह्याच्या कामगार आयुक्तांच्या ऑफिसातून चालू दर घ्या आणि तुमच्या गावाच्या लोकसंख्येपुढचा आकडा बघा. माझा अंदाज असा की त्या गड्याचे ९,००० पण त्यापेक्षा कमीच निघतील. असं निघालं तर तुमची मागणी "बायांना पण ९,००० द्या" एवढ्यावर थांबवू नका, तिघांनाही किमान वेतन द्या अशी करा. तिघांना एका बाजूला आणायचा यापेक्षा सरळ मार्ग मला दिसत नाही, आणि तेच न्यायाचं पण आहे, कमी पगारात बरोबरी करून काय मिळवायचं?

त्याच वेळी हे पण बघा की तिघांची नोंद कशी आहे. खूप ठिकाणी गडी आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, कर्मचारी म्हणून असतो, त्याला सरकारी हिस्सा येतो, राहणीमान भत्ता, भविष्य निर्वाह निधी, आणि बाया मात्र वर्षानुवर्षं रोजंदारीवर नाहीतर मानधनावर, व्हाउचरवर अंगठा घेऊन पैसे. मग विचारलं की सांगतात, त्या आमच्या कर्मचारी नाहीतच हो, मदतनीस आहेत. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, पंचायतीच्या सांगण्यावरून, पंचायतीच्या झाडूने काम करतायत आणि कर्मचारी नाहीत? मागच्या तीन वर्षांची व्हाउचरं आणि हजेरीपत्रक बघायला मागा, सदस्य म्हणून मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीन वर्षं अशासाठी म्हणतेय की नव्या संहितेत फरकाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आधी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिनेच होती. पैसे दिलेत हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. आणि फरकाच्या दहापट नुकसानभरपाई लावता येते. हे धमकी म्हणून बोलू नका, पण ग्रामसेवकांच्या कानावर शांतपणे घाला, कारण शेवटी सही त्यांची पण असते.

आता त्या बाईचं, "आहे ते पण जाईल." ताई, ही भीती खोटी नाही, तिला धीर देऊन उडवून लावू नका. तुमची सदस्यकी जाणार नाही, तिचं काम जाऊ शकतं. म्हणून तुमच्या कुठल्याही कागदावर त्या दोघींचं नाव येता कामा नये, "अमक्या बाईने तक्रार केली" असं नाही, "सफाई कर्मचारी" एवढंच. मागणी तुमची, सही तुमची. आणि त्यांना पंचायतीत बोलावून विचारू नका, तुम्ही त्यांच्याकडे जा, बौद्धवाड्यात, बसा, चहा घ्या, काय करणार आहात ते आधी सांगा, त्या नको म्हणाल्या तर थांबा आणि परत जा. त्यांच्याशिवाय त्यांच्यासाठी काही करायचं नाही. दावा दाखल करायची वेळ आली तर तो कामगाराने स्वतःच केला पाहिजे असं नाही, नोंदणी झालेली युनियन करू शकते, निरीक्षक करू शकतात. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या संघटना बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, नाशिकमध्ये चौकशी करा, त्या दोघींचं सदस्यत्व आधी होऊ द्या आणि मग ठराव आणा, या क्रमाने. काढून टाकायची भाषा झाली तर पाठीशी कुणीतरी हवं.

तुम्ही पत्रात लिहिलंय की त्या बौद्धवाड्यातल्या आहेत आणि त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. ते वाक्य तुम्ही सहज लिहिलंय पण मला तोच गाभा वाटतो. बाई म्हणून पगार कमी आणि वर या कामाला किंमत नाही कारण ते कुणी करायचं हे गावाने पिढ्यान्पिढ्या ठरवून ठेवलंय. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले होते, आणि पुढे घटनेच्या ३९ व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे आलं. त्यांच्याच वस्तीतल्या बायकांना गावाची पंचायत, जिथे भिंतीवर त्यांचा फोटो असतो, साडेतीन हजार कमी देते. मला याचा राग येतो आणि तुम्हाला पण येऊ द्या.

मग त्या चार जणी. बॉडीतल्या बाकीच्या चार सदस्य बायका. मीटिंगमध्ये बोलत नाहीत म्हणता, पण मीटिंगमध्ये त्यांचे मिस्टर बाजूला किंवा दाराशी बसलेले असतात का? मग कशा बोलतील. त्यांना मीटिंगमध्ये मनवायचा प्रयत्नच करू नका, दुपारी घरी जा, एकेकीकडे, वही दाखवा, आकडे दाखवा. हात वर करायचा आहे एवढंच सांगा, भाषण तुम्ही कराल. पैकी दोघी आल्या तरी खूप, चारही आल्या तर ठराव जवळजवळ पासच आहे.

आणि महिला सभा. आपल्याकडे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यात आहे, पण होतं काय की अंगणवाडी सेविकेला सांगून रजिस्टर फिरवतात आणि घरोघरी सह्या घेतात. यावेळी खरी घ्या. बचत गटाच्या बायकांना आणा, हा एकच विषय ठेवा, आणि ठराव लिहून घ्या, म्हणजे तो ग्रामसभेपुढे जातो. ग्रामसभेला कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते, म्हणजे ५०-६० बायका जरी आल्या तरी सभेचा रंग बदलतो. आणि प्रोसिडिंग! प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय झालं ते लिहायची वही, वाचल्याशिवाय सही करू नका ताई, कितीही घाई असली, रिक्षा थांबलीय म्हणाले तरी. "चर्चा झाली" असं लिहितात आणि ठरावाचा पत्ता नसतो. कोण काय बोललं, बाजूने किती, विरोधात किती, हे लिहिलंय का बघा.

एक सावधगिरी. कुणीतरी मोठ्या मनाने म्हणेल, महिला बालकल्याणचा १० टक्के निधी आहे ना, त्यातून द्या या बायांना. अजिबात हो म्हणू नका. तो पैसा गावातल्या सगळ्या बायका-मुलांसाठीचा आहे, पगार हा पंचायतीचा आस्थापना खर्च आहे, पुरुषाचा पगार जिथून जातो तिथूनच बायांचा गेला पाहिजे. वर्षाला फरक किती, दोघींचे मिळून ७,००० महिन्याला, म्हणजे ८४,०००. अंदाजपत्रक हिवाळ्यातच तयार होतं, तेव्हाच ती रक्कम त्यात धरायला लावायची, नाहीतर मार्चनंतर तरतूदच नाही म्हणतील. आणि वसुलीचं म्हणाल तर वसुली कुणाकुणाकडे थकलीय त्याची यादी पण मागा, बहुतेक मोठीच नावं निघतात.

आता सासूबाई. त्या बरोबर बोलल्या. त्यांच्यावर रागावू नका, उद्या सभेत हाच प्रश्न कुणीतरी तुम्हाला विचारणार होतं, त्यांनी घरात विचारला हे चांगलं झालं. आणि याचं उत्तर देता आलं पाहिजे, नुसतं बोलून नाही, करून.

सगळ्यात आधी तास काढा. "बाया लवकर घरी जातात" हे पण ऐकलं असेल तुम्ही. समजा तुमच्याकडे बाया साडेसहा तास काम करतात आणि गडी आठ तास. ३०० भागिले साडेसहा म्हणजे तासाला ४६ रुपये. ५०० भागिले आठ म्हणजे साडेबासष्ट. तास कमी आहेत म्हणून पगार कमी हे मान्य केलं तरी गड्याच्या दराने बाईचे ४०० च्या पुढे होतात, ४०६. मग वरचे एकशे सहा कशाचे कापताय? हे सासूबाईंसमोर मांडा, कागदावर, त्यांनी आयुष्यभर कांद्याचा हिशोब केलाय, त्यांना कळेल.

आणि कांदा लागवड हे काय सोपं काम आहे का, थंडीत चिखलाच्या वाफ्यात दिवसभर वाकून एकेक रोप बोटाने दाबायचं, आणि अंतर चुकलं की कांदा बारीक राहतो. ते काम गडी करतच नाहीत, बायांच्या हाताला जमतं म्हणतात. म्हणजे कौशल्य मान्य आहे, मग पैशाच्या वेळी ते कुठे जातं? त्याच बायांची टोळी एकराने उक्तं घेते तेव्हा त्यांची हजेरी जास्त पडते, तेव्हा शेतकरी मुकाट देतो कारण लागवड थांबत नाही. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात, बाईची मजुरी म्हणून काही वेगळं दिसतच नाही. तुमच्या शेतात निदान दिसते तरी, म्हणून दुरुस्त करता येते.

माझं म्हणणं, या हंगामात दोन गोष्टी करा. जिथे बाई आणि गडी एकाच वेळी एकच काम करतात, काढणी असेल, गोण्या भरणं असेल, तिथे तासाचा दर एक ठेवा, आजपासून, कुणाला न विचारता. आणि फक्त बायाच करतात ती कामं, लागवड, निंदणी, यांचा दर तासाच्या हिशोबाने वर न्या, एकदम झेपत नसेल तर लागवडीला अर्धं आणि काढणीला अर्धं, पण बायांना आधी सांगून, म्हणजे त्यांना माहीत असेल की पुढचं कधी मिळणार. पैसे बाईच्या हातात, तिच्या नवऱ्याच्या नाही. गाव बोलेल, हो. पण टोळ्या पण तुमच्याकडे आधी येतील, आणि लागवडीच्या दिवसांत माणूस मिळणं म्हणजे काय हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेजारच्या दोन-तीन घरांना बरोबर घेता आलं तर उत्तम, बचत गटातल्याच बायकांची शेती असेल ना. पंचायतीत ठराव आणायच्या आधी हे घरात झालेलं असू द्या, मग सभेत कुणी बोट दाखवलं तर तुम्ही सरळ सांगू शकता की माझ्याकडे आता दर काय आहे ते बायांनाच विचारा.

मिस्टरांना सांगा वैर होणार नाही असं मी म्हणत नाही, थोडं होईल. चार महिने काही लोक बोलणार नाहीत. पण तुम्ही कुणाच्या बांधाला हात लावत नाही आहात, कुणाची जमीन मागत नाही आहात, पंचायतीचा खर्च कायद्याप्रमाणे करा म्हणताय. आणि त्यांनी सभेला येऊन बाजूला बसू नये, घरी पाठीशी राहावं, ही मदत खूप मोठी आहे असं त्यांना माझ्याकडून सांगा.

ठरावाचा मजकूर हा घ्या, जसाच्या तसा वापरा: "ग्रामपंचायतीकडे सफाईचे काम करणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना स्त्री-पुरुष भेद न करता समान स्वरूपाच्या कामासाठी समान वेतन द्यावे. ग्रामपंचायत रोजगारासाठी लागू किमान वेतनापेक्षा कमी वेतन कोणासही देऊ नये. कोणत्याही कर्मचाऱ्याचे सध्याचे वेतन कमी करू नये. मागील तीन वर्षांच्या फरकाची रक्कम काढून ती व पुढील वर्षाची तरतूद येत्या अंदाजपत्रकात धरावी. सर्वांचे वेतन दरमहा त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावे."

हे सरपंचांच्या नावाने अर्ज म्हणून लिहा, मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे अशी विनंती खाली टाका, दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. आणि सभेची नोटीस निघायच्या आधी द्या, कारण नोटीस निघाल्यावर दिलेला विषय "आयत्या वेळचे विषय" मध्ये जातो आणि तिथवर येईपर्यंत निम्मे सदस्य उठून गेलेले असतात.